घोड्याला मीठ आणि इलेक्ट्रोलाइट: किती, केव्हा, कसं आणि पोटावर काय परिणाम? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माथेरान-महाबळेश्वरला सवारीचे घोडे पाळणारे, वरातीला घोडी देणारे, सारंगखेड्याच्या यात्रेतून नवा घोडा आणलेले, शहरातल्या रायडिंग स्कूलमध्ये घोडा ठेवणारे अशा सगळ्यांसाठी हे पान आहे. मार्च लागला की इलेक्ट्रोलाइटच्या पुड्यांची विचारणा वाढते. देणाऱ्याची तळमळ खरी असते, पण पुडी बरेचदा टॉनिक समजून दिली जाते आणि तिचा भार घोड्याच्या पोटावर पडतो. म्हणून इथली उत्तरं पोटापासून सुरू होतात.

इलेक्ट्रोलाइट म्हणजे काय? घोड्याला ते वेगळे का द्यावे लागतात?

सोडियम, क्लोराइड, पोटॅशियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम हे रक्तातले आणि पेशींमधले क्षार. शरीरातलं पाणी कुठे राहील, स्नायू कसे आकुंचन पावतील, आतडी कशी हलतील हे सगळं त्यांच्यावर चालतं. घोडा घामावाटे हे क्षार फार मोठ्या प्रमाणात गमावतो. त्याच्या एक लिटर घामात साधारण 3 ग्रॅम सोडियम, 5 ते 6 ग्रॅम क्लोराइड आणि दीड ग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं. माणसाचा घाम रक्तापेक्षा पातळ असतो. घोड्याचा रक्ताइतकाच किंवा त्याहून खारट असतो. कडक उन्हात भरपूर काम करणारा मोठा घोडा तासाला 10 ते 15 लिटर घाम गाळू शकतो. खरारा करताना वाळलेल्या केसांवर पांढरी रेघ दिसते, ती या मिठाची.

याचा पचनाशी काय संबंध?

खूप जवळचा. मोठ्या घोड्याचं जठर जेमतेम 8 ते 15 लिटरचं असतं. खरा कारभार मागच्या आतड्यात चालतो. अंधांत्र, म्हणजे मागच्या आतड्याच्या सुरुवातीची पिशवी, सुमारे 30 लिटरची आणि त्यापुढचं मोठं आतडं 80 लिटरच्या घरातलं. तिथे सूक्ष्मजंतू चाऱ्यातले तंतू आंबवतात आणि तिथेच पाण्याचा आणि क्षारांचा मोठा साठा असतो. घोडा घामाघूम झाला की शरीर या साठ्यातून पाणी ओढतं. साठा भरलेला असेल तर घोडा काही तास तग धरतो. तो रिकामा होत गेला की आतड्यातला माल सुकायला लागतो.

मोठं आतडं ओटीपोटाजवळ जिथे वळतं तिथे ते अरुंद होतं. सुकलेला चारा बहुतेक वेळा तिथेच अडकतो. आपल्याकडे ज्याला सरसकट 'पोटशूळ' म्हणतात त्यातला एक मोठा प्रकार हाच. कॅल्शियम आणि पोटॅशियम कमी पडलं तर आतड्याची हालचालही मंदावते, म्हणजे माल कोरडा आणि ढकलणारी ताकद कमी, असा दुहेरी त्रास.

तहानेचं गणितही घोड्यात वेगळं आहे. नुसतं पाणी गेलं तर रक्त खारट होतं आणि मेंदू तहान लावतो. घोड्याचं मीठही घामाबरोबर जातं, त्यामुळे रक्ताचा खारटपणा फारसा वाढत नाही आणि शरीर सुकलं तरी त्याला पाणी प्यावंसं वाटत नाही. "बादली समोर ठेवली तरी तोंड लावत नाही" ही तक्रार इथून येते. योग्य वेळी दिलेलं मीठ तहान परत आणतं. माझ्या मते पचनाच्या दृष्टीने मिठाचं सगळ्यात मोठं काम हेच आहे.

माझा घोडा रोज हलकं काम करतो. त्याला पुडी लागेल का?

बहुधा नाही. त्याला साधं मीठ लागतं. 500 किलोच्या, काम नसलेल्या घोड्याची सोडियमची रोजची गरज सुमारे 10 ग्रॅम, म्हणजे साधारण 25 ग्रॅम मीठ. हिशोब सोपा करायचा तर दर 100 किलो वजनामागे 5 ग्रॅम. गवतात, कडब्यात आणि दाण्यात सोडियम अगदी थोडं असतं, म्हणून हे मीठ वरून द्यावं लागतं. पोटॅशियमची काळजी मात्र चारा पोटभर असेल तर करू नका. त्याची रोजची गरज 25 ग्रॅमच्या आसपास असते आणि 10 किलो चांगल्या सुक्या गवतातून त्याच्या कितीतरी पट मिळून जातं.

आपल्या भीमथडी किंवा डोंगरी टट्टूंचं वजन मोठ्या घोड्यापेक्षा बरंच कमी असतं, म्हणून पुडीवरचं 500 किलोचं प्रमाण त्यांना जसंच्या तसं लावू नका. वजनकाटा नसेल तर टेप घ्या. पुढच्या पायांमागून छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजा आणि खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी मोजा. घेराला घेराने गुणा, त्याला लांबीने गुणा आणि 11,880 ने भागा. घेर 150 आणि लांबी 140 आली तर वजन साधारण 265 किलो. अशा टट्टूला रोज 13-14 ग्रॅम मीठ, म्हणजे चहाचे अडीच सपाट चमचे पुरतात.

साधं मीठ, खडे मीठ, सैंधव यांत चांगलं कोणतं?

घोड्याच्या दृष्टीने तिन्ही म्हणजे मुख्यतः सोडियम क्लोराइडच. सैंधवात इतर खनिजं असतात, पण इतकी थोडी की घोड्याच्या गरजेत ती मोजण्यासारखी नाहीत. घरातलं साधं मीठ द्या, पैसे चांगल्या चाऱ्यावर घाला.

घाम किती गेला हे कसं ओळखायचं आणि त्याप्रमाणे किती द्यायचं?

खोगीर उतरवल्यावर घोड्याभोवती एक फेरी मारा. फक्त खोगिराखाली आणि मानेवर ओल असेल तर मोठ्या घोड्यात 1 ते 4 लिटर घाम गेला असं धरतात. खोगिराच्या कडेला पांढरा फेस, पोटपट्ट्याखाली ओल आणि मागच्या मांड्यांमध्ये फेस असेल तर 7 लिटर किंवा अधिक. पोटाखालून थेंब गळत असतील तर त्याहून बरंच जास्त. मुंबईत आणि कोकणपट्टीत हवा दमट असल्याने घाम वाळत नाही, नुसता गळून जातो. म्हणजे क्षार जातात आणि अंग थंडही होत नाही.

एक लिटर घामातलं सोडियम भरून काढायला साधारण 7 ते 8 ग्रॅम मीठ लागतं. माथेरानच्या दस्तुरी नाक्यावरून दिवसभर उन्हात फेऱ्या मारणारा टट्टू फेसाळून आला आणि त्याने 4-5 लिटर घाम गाळला असं धरलं, तर रोजच्या मिठाशिवाय 30 ते 40 ग्रॅम जास्त. हे एका वेळी देऊ नका. संध्याकाळच्या, रात्रीच्या आणि दुसऱ्या सकाळच्या खाण्यात वाटून द्या. एका दिवसाची तूट एका तासात भरून काढायची घाई शरीराला नसते, एका रात्रीत ती आरामात भरते.

घरी मिश्रण करता येईल का?

येईल. तीन भाग साधं मीठ आणि एक भाग पोटॅशियम क्लोराइड हे घामातल्या प्रमाणाशी चांगलं जुळतं. पोटॅशियम क्लोराइड औषधाच्या दुकानातून डॉक्टरांना विचारूनच घ्या आणि वजन करून घाला, अंदाजाने नाही. चारा पोटभर खाणाऱ्या घोड्याला नुसतं मीठही पुष्कळदा पुरतं.

विकतची पुडी घेणार असाल तर मागची बाजू वाचा. सोडियम आणि क्लोराइड सगळ्यात वर असले पाहिजेत. ज्या पुडीत पहिलं नाव ग्लुकोजचं किंवा साखरेचं असतं आणि मीठ शेवटी चिमूटभर असतं, ती घामाची भरपाई करत नाही. थोडी साखर चवीला असायला हरकत नाही, आतड्यात सोडियम शोषायला ग्लुकोजची मदतही होते. पण घोड्याच्या नावाने गोड पावडर महाग विकली जाते हे बघून वाईट वाटतं, कारण ती घेणाऱ्याची दिवसाची कमाईच तेवढी असते.

माणसांचं ओआरएस चालेल का?

विष नाही, पण पुरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राची 20.5 ग्रॅमची पुडी एक लिटर पाण्यासाठी असते. तिच्यात 2.6 ग्रॅम मीठ, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड, 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट आणि 13.5 ग्रॅम ग्लुकोज असतं. सगळं मिळून सोडियम पावणेदोन ग्रॅमच्या आत. दहा लिटर घामातलं 30 ग्रॅम सोडियम भरायला अशा सतरा-अठरा पुड्या लागतील. त्यापेक्षा स्वयंपाकघरातलं मीठ बरं.

मीठ दाण्यात द्यावं, पाण्यात की पिचकारीने तोंडात?

या प्रश्नावर जरा थांबून बोलायला हवं, कारण पोटाचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

पहिली पसंती खाण्याला. भिजवलेल्या कोंड्यात, चुणीत किंवा दाण्यात मीठ नीट कालवून तोबऱ्यात द्या आणि शेजारी साधं पाणी ठेवा. चारा आधी पोटात गेलेला असावा. घोड्याच्या जठरात आम्ल चोवीस तास पाझरत असतं, खाणं असो वा नसो. चावताना सुटणारी लाळ ते आम्ल सौम्य करते, आणि घोड्याची लाळ फक्त चावतानाच सुटते. जठराच्या वरच्या भागाच्या अस्तराला आम्लापासून फारसं संरक्षण नाही. सकाळपासून उपाशी असलेल्या, पळून आलेल्या घोड्याच्या त्या अस्तरावर पिचकारीने दिलेली घट्ट खारट पेस्ट पडली तर ते आणखी दुखावतं.

याची तपासणी झालेली आहे. 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात घोड्यांना सुमारे 57 ग्रॅम इलेक्ट्रोलाइट घट्ट स्वरूपात दर तासाला, असं आठ वेळा दिलं. लांब पल्ल्याच्या शर्यतीत देतात तसंच. दुर्बिणीने जठर पाहिलं तेव्हा व्रणांची संख्या आणि तीव्रता दोन्ही वाढलेली होती. एखाद्या वेळी थोडी पेस्ट दिल्याने असं होतं असा याचा अर्थ नाही. पण रिकाम्या पोटी, पुन्हा पुन्हा आणि पाण्याशिवाय देण्याची पद्धत सोडावी, इतकं त्यातून नक्की निघतं.

घट्ट क्षारांचा दुसरा त्रास पाण्याचा. ते आतड्यात पोचले की आधी रक्तातलं पाणी आतड्यात ओढून घेतात. आधीच सुकलेल्या घोड्यात काही वेळ रक्त आणखी आटतं. म्हणून जो घोडा पाणी पीत नाही त्याला पेस्ट कधीच देऊ नका.

पाण्यातून द्यायचं असेल तर एक लिटरला 9 ग्रॅम मीठ, म्हणजे 10 लिटरच्या बादलीला 90 ग्रॅम. याहून घट्ट नको. अशी बादली ठेवली तर दुसरी साध्या पाण्याची शेजारी असायलाच हवी. खारट पाणी एकटंच ठेवलं आणि घोड्याला ते आवडलं नाही, तर तो काहीच पिणार नाही आणि दुसऱ्या दिवशी लीद अडकेल.

घोडा काम करून आला आणि पाणीच पीत नाही. काय करू?

काम संपल्यावर लगेच पहिली बादली वर सांगितलेल्या हलक्या खारट पाण्याची दाखवा. मिशिगनमधल्या संशोधकांनी घोड्यांना व्यायामानंतरचं पहिलं पाणी 0.9 टक्के मिठाचं दिलं, तेव्हा पुढच्या तासाभरात त्यांनी एकूण पाणी जास्त प्यायलं. रक्त पातळ होऊन तहान विझायच्या आत शरीराला पुरेसं पाणी मिळतं, हे त्यामागचं कारण. ज्या घोड्याने अशी चव कधी पाहिलेली नाही, तो कामाच्या दिवशी नाक मुरडतो. आधी आठवडाभर घरीच थोडं थोडं मीठ घालून सवय लावा. यानेही प्यायला नाही तर कोंडा पातळ भिजवून द्या, हिरवा घास पाण्यात बुडवून द्या. चाऱ्यातून गेलेलं पाणीही पाणीच.

तापलेल्या घोड्याला पाणी दिलं तर पोटशूळ होतो, हे खरं का?

नाही. ही समजूत फार जुनी आहे आणि तिच्यापायी असंख्य घोडे तहानलेले उभे राहिले आहेत. काम संपताच पाणी द्या, पोटभर पिऊ द्या. उलट तास-दीड तास थांबवलं तर तेवढ्यात तहान मरते. थंड पाणी अंगावर ओतायलाही हरकत नाही, तापलेल्या घोड्याला ते वाचवतं. दमून आल्या आल्या दाण्याचा मोठा तोबरा लावणं मात्र टाळा. आधी पाणी, मग चारा, दाणा सावकाश. एकाच वेळी खूप दाणा गेला की आतड्यात पाणी ओढलं जातं, रक्तातलं घटतं आणि पुढे मोठ्या आतड्यातला माल कोरडा होतो.

काम झाल्यावर खाण्याचा सोडा आणि गूळ देतात. चालेल?

गुळाचा लहान खडा ठीक. सोडा नको. खूप घाम गाळलेल्या घोड्याचं क्लोराइड जातं आणि त्यामुळे रक्त आधीच अल्कधर्मी होतं. त्यात सोडा घातला की ते आणखी तिकडेच ढकललं जातं. रक्तातलं वापरता येणारं कॅल्शियम कमी होतं आणि घोड्याच्या बरगडीमागे, हृदयाच्या ठोक्याबरोबर, उचकीसारखे धक्के दिसायला लागतात. छाती आणि पोट यांमधला श्वासपटलाचा पडदा हृदयाच्या तालावर आकुंचन पावतो, ते हे लक्षण. असं दिसलं तर काम तिथेच थांबवा आणि डॉक्टरांना बोलवा. शिरेतून कॅल्शियम सावकाश द्यावं लागतं आणि ते डॉक्टरांनीच द्यायचं.

गायी-म्हशींची चाटणवीट किंवा त्यांचं मिनरल मिक्श्चर ठेवलं तर?

गुरांसाठी किंवा कोंबड्यांसाठी बनवलेलं मिश्रण घोड्याला देऊ नका. त्यात मोनेन्सिन नावाचं, गुरांच्या आणि कोंबड्यांच्या खाद्यात घालतात ते औषध असू शकतं. गुरांना ते सोसतं, घोड्याच्या हृदयाचे स्नायू मात्र ते निकामी करतं. थोड्या प्रमाणातही जीव जातो आणि त्यावर उतारा नाही. एकाच गोठ्यात गाय आणि घोडा बांधत असाल तर पेंडीची पोतीही वेगळी ठेवा.

नुसत्या मिठाची वीट ठेवायला हरकत नाही, पण तिच्यावर विसंबू नका. घोड्याची जीभ गाईसारखी खरखरीत नसते. खूप घाम गाळणारा घोडा विटेवरून लागेल तेवढं चाटून घेईल याची खात्री नाही.

इलेक्ट्रोलाइट सुरू केल्यावर लीद पातळ झाली. थांबवू का?

हो, एक-दोन दिवस थांबवा आणि साधं पाणी नि सुकं गवत मनसोक्त द्या. बहुतेक वेळा प्रमाण जास्त झालेलं असतं, पाणी कमी पडलेलं असतं किंवा पुडीत मॅग्नेशियम जास्त असतं. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट. जुलाबासाठी डॉक्टर ते मुद्दाम वापरतात, ते रोजच्या खाण्यात घालायची वस्तू नाही. लीद पाण्यासारखी झाली, ताप आला किंवा घोडा मलूल झाला तर मीठ-पाण्याचा प्रश्न राहत नाही, त्याच दिवशी डॉक्टर हवेत.

मोठ्या कामाच्या चार दिवस आधीपासून जास्त मीठ दिलं तर साठून राहील का?

नाही. जादा सोडियम काही तासांत लघवीतून निघून जातं. आदल्या संध्याकाळी नेहमीचं मीठ, भरपूर गवत आणि पाणी एवढं दिलं की मागच्या आतड्याची टाकी भरलेली राहते. तंतुमय चारा पाणी धरून ठेवतो, त्यामुळे तयारी करायची तर गवताची करा.

कोणाला देऊ नये?

मूत्रपिंडाचा विकार असलेल्या घोड्याला, लहान शिंगराला आणि जिथे पाणी मोजून मिळतं तिथल्या कोणत्याही घोड्याला जादा क्षार स्वतःच्या मनाने देऊ नका. डोंगरावर उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते तेव्हा हे विशेष लक्षात ठेवा. मीठ वाढवलं आणि पाणी वाढवता आलं नाही तर तो अपाय आहे. ज्याला उन्हातही घाम येत नाही, अंग कोरडं आणि श्वास जोरात, त्याला घामच न येण्याचा विकार असू शकतो. दमट हवेत तो दिसतो. पुडीने तो बरा होत नाही, त्याला सावली, पाण्याचा मारा आणि तपासणी हवी.

पोटशूळ सुरू झालाय. डॉक्टर येईपर्यंत इलेक्ट्रोलाइटचं पाणी पाजू का?

नाही. दाणा-चारा काढून घ्या आणि बाटलीने किंवा नळीने काहीही ओतू नका. पाजताना ते श्वासनलिकेत गेलं तर फुफ्फुसं खराब होतात. शिवाय घोड्याला उलटी होत नाही, त्यामुळे जठर आधीच तुंबलेलं असेल तर वरून ओतलेलं पाणी ते फाडू शकतं. डॉक्टर नाकातून नळी घालून आधी जठर तपासतात. लीद अडकल्याचं नक्की झालं तर त्याच नळीतून मोजून केलेलं क्षारांचं द्रावण लिटरच्या लिटर देतात. नुसत्या पाण्यापेक्षा ते आतड्यातला सुकलेला माल चांगला भिजवतं. औषध तेच, पण पोट तपासल्यानंतर.

तोवर नाडी मोजून लिहून ठेवा. विश्रांतीत ती मिनिटाला 28 ते 44 असते. साठच्या वर गेली तर फोनवर तसं स्पष्ट सांगा. हिरडी दाबून सोडा, रंग दोन सेकंदांत परत यायला हवा. शेवटची लीद कधी पडली, किती पडली आणि कशी होती तेही सांगा. चांगल्या लिदीचा गोळा पायाने दाबला की सहज फुटतो, आतून ओलसर असतो. कोरडा, कडक, वर चिकट आवरण असलेला गोळा म्हणजे माल आत जास्त वेळ राहिला.

हे सगळं उन्हाळ्यापुरतंच ना?

नाही, आणि इथेच पुष्कळ जण चुकतात. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीला, म्हणजे डिसेंबरच्या सुमारास भरते. तापीकाठची थंडी, ट्रकमधला लांबचा प्रवास, वाटेत मिळेल ते पाणी आणि घरी आल्यावर वेगळी चव. घोडा दोन दिवस अर्धंच पाणी पितो, घाम नसल्याने कोणाला काळजी वाटत नाही आणि तिसऱ्या दिवशी पोट धरतो. नवा घोडा आणताना विकणाऱ्याकडचाच चारा चार-पाच दिवस पुरेल इतका बरोबर घ्या. दर तीन-चार तासांनी गाडी थांबवून पाणी दाखवा. रोजचं मीठ थंडीतही चालू ठेवा, पाणी कोमट करून द्या आणि पहिला आठवडा दिवसातून किती वेळा लीद पडते ते मोजा. साधारण 8 ते 12 वेळा पडते. ती निम्म्यावर आली तर घोडा लोळायला लागायची वाट बघू नका.